आईनंतरची केबल

आईच्या तेराव्याला जेवणाची पानं उठली आणि माझ्या व विश्रामच्या कानामागे केबलचं एकेक सॉकेट उगवलं. त्या घटकेपासून आम्हाला एकमेकांचं ऐकू येईना. बाकी सगळ्यांचं येत होतं.

धाकट्या भावाला मी दहाव्याला म्हणालो होतो, "माझ्या दारात पाय ठेवू नकोस." ते मला परत घ्यायचं होतं. तोही अंगणापलीकडच्या आपल्या दारातून काहीतरी एकच, पुन्हा पुन्हा सांगत होता.

"मंगल, तू सांग त्याला," मी त्याच्या बायकोला म्हणालो.

"आईंनी जन्मभर निरोप पोचवले, दादा. मी मध्ये पडणार नाही."

केबल टाकणं हा आम्हा भावांचा वीस वर्षांचा धंदा. मी अंगणाएवढी केबल कापली, माझ्या टोकाला मी प्लग बसवला, त्याच्याला त्याने. हाताला वळणच तसं, दोन्हीकडे रंगांचा क्रम एकच. म्हणजे माझं तोंड त्याच्या तोंडाला आणि कान कानाला. मध्ये स्विच, म्हणजे केबली जोडणारा डबा, असला की तो अदलाबदल करून देतो. आमचा स्विच आई होती. थेट जोडायचं तर हिरव्या आणि नारिंगी तारांच्या जागा उलटवाव्या लागतात, पण एकाच टोकाला.

मी माझं टोक छाटलं, रंग उलटवले, प्लग कानामागे खुपसला. काहीच नाही. बघतो तर विश्रामनेही आपलं टोक उलटवलेलं. दोन्हीकडे उलटवलं की केबल पुन्हा सरळ, तोंडाला तोंड, ये रे माझ्या मागल्या. मी माझं पूर्ववत केलं. तोवर त्यानेही केलं होतं. जन्मात कधी माघार न घेणारे आम्ही, आता दोघेही एकदमच घेत होतो. मला त्याचा राग आला, आणि रडूही.

दर छाटणीला केबल हातभर कमी होई आणि तेवढंच अंगणही. आधी तुळस गेली, मग नळ. मंगल घरातून ओरडली, "दादा, दार उघडत नाही!" तिच्या दारात मीच उभा होतो.

केबल बोटभर उरली. कपाळाला कपाळ लागलं. आता एकच छाटणी शिल्लक होती आणि केबल सरळ होती. मी ठरवलं, या खेपेला आपण हात लावायचा नाही, त्याला करू द्यायचं. मी कटर खाली ठेवला.

विश्रामने माझ्याकडे पाहिलं, आणि आपला कटर माझ्या कटरशेजारी ठेवला. मग तो बोलू लागला. शब्द ऐकू येत नव्हते, पण त्याचा श्वास माझ्या तोंडावर गरम लागत होता.