चौथ्या सोनाटातलं स्टूल

रेडिओ केंद्राच्या परीक्षकांसाठीच्या अर्जात 'स्पर्धकांशी नातं' या रकान्यापुढे समीक्षकाने 'नाही' लिहिलं, तेव्हा त्याने पेन जरासुद्धा थांबवलं नाही. बायकोची बहीण म्हणजे काही रक्ताचं नातं नव्हे. शिवाय दोन्ही स्पर्धकांची ध्वनिमुद्रणं नावं झाकून वाजवली जाणार होती, आणि नाव झाकलं की इमान आपोआप शाबूत राहतं, असा सगळ्याच समित्यांचा समज असतो.

बायको सकाळी एवढंच म्हणाली, "तिला निवडा असं मी म्हणत नाहीये. संध्याकाळी घरी यायचंय तुम्हाला, एवढं फक्त लक्षात असू द्या."

प्रश्न सात सोनाटांचा होता. ते रचणारा माणूस जन्मभर नकाशे काढायची नोकरी करत राहिला आणि उरलेल्या वेळात पियानोसाठी असं काही लिहून गेला, की जे त्याच्या हयातीत जेमतेम दोनदा वाजलं. त्याचा दोष एकच. टाळ्यांची जागा आली की हा गृहस्थ दार लावून निघून जातो. चौथ्या सोनाटाच्या संथ भागात डावा हात एकच सूर ठोकत राहतो, उजवा हात एक चाल सांगायला घेतो, आणि दर वेळी शेवटचा शब्द गिळतो. नीट वाजवलं तर ऐकणारा तो शब्द मनातल्या मनात पुरा करतो. नाही तर शेजारी कोणी खिळे ठोकतंय असं वाटतं.

सातही सोनाटा दोघांनीच ध्वनिमुद्रित केले होते. एक मेहुणी, जिची बारा वर्षं त्यात गेली. दुसरा एक नामांकित वादक, ज्याचे केस त्याच्या बोटांपेक्षा जास्त प्रसिद्ध होते. रेकॉर्ड कंपनी आजच्या कार्यक्रमात जिंकेल तो संच काढणार होती. दुसरा कपाटात जाणार होता, आणि तिथून बाहेर येणार नव्हता. या संगीतकाराचे दोन-दोन संच विकत घेईल एवढं जग मोठं नव्हतं.

लाल दिवा लागला. कार्यक्रम थेट होता. निवेदिकेने चौथ्या सोनाटाचं पहिलं मुद्रण, 'क', लावलं.

परीक्षक तिघे. समीक्षकाच्या डावीकडे विद्यार्थी ज्यांना 'लंबक' म्हणत ते प्राध्यापक, टेबलाखाली पायाने ठेका मोजत. उजवीकडे पियानो सुरात लावून देणारा म्हातारा कारागीर, डोळे मिटून.

वादन स्वच्छ होतं. स्वच्छ म्हणजे धुऊन, इस्त्री करून घडी घातलेलं. समीक्षक कंटाळायच्या बेतात होता, तेवढ्यात संथ भागात, डावा हात त्या एका खालच्या सुराकडे वळताना, त्याला ते ऐकू आलं.

कुरर्र.

स्टूल. मेहुणीच्या घरचं पियानोचं स्टूल. ती डावीकडे झुकली की ते असंच कण्हायचं. पंधरा वर्षं, जेवणानंतर ती वाजवायला बसली की, त्याने ते ऐकलं होतं. आता नाव झाकलेलं राहिलं नव्हतं.

मग 'ख' लागलं. संथ भागाच्या दुसऱ्याच मिनिटाला लंबकांचा पाय थांबला. उजवा हात चाल सांगायला आला, शेवटच्या शब्दापाशी अडला, आणि डाव्या हाताने पुढचा ठोका एक श्वासभर उशिरा दिला. समीक्षकाच्या मानेवर काटा आला. केसाळ माणसाला हे कुठून सुचलं, याचा त्याला मनापासून राग आला.

"माझं मत 'ख'," कारागीर म्हणाला. "कारण विचारू नका. मी तारा लावतो, भाषणं नाही करत."

"'क'," लंबक म्हणाले. "'ख'मध्ये एक ठोका उशिरा आहे. मी मोजलाय."

एकास एक. निवेदिका समीक्षकाकडे वळली. काचेपलीकडे कंपनीचे व्यवस्थापक पेन उघडून बसले होते. समीक्षकाने पाण्याचा घोट घेतला. तो गिळल्याचा आवाज थेट प्रसारित झाला.

"'क'," तो म्हणाला, आणि पुढची दोन मिनिटं बोलला. संयम, प्रौढता, चिंतन. 'ख'ला त्याने "भावनेच्या आहारी गेलेलं" म्हटलं. ते वाक्य तोंडातून बाहेर पडताना त्याचं त्यालाच बेचव लागलं.

निवेदिकेने पाकीट फोडलं. 'क' केसाळ वादक. 'ख' मेहुणी.

कोणी काही बोललं नाही. रेडिओवर ही फार महाग गोष्ट असते.

"माझं चुकलं," समीक्षक म्हणाला. "'ख' जास्त चांगलं आहे. पहिल्यापासून होतं."

"मग 'क' का म्हणालात?" कारागिराने डोळे उघडले.

"स्टूल कुरकुरलं. वाटलं, ही आमची मेहुणी."

लंबकांनी पाण्याचा ग्लास हळूच स्वतःकडे ओढून घेतला. काचेपलीकडे व्यवस्थापकांनी पेनाचं टोपण लावलं. मत दिलं की बदलत नाही, असा नियम निवेदिकेने वाचून दाखवला, 'क' जिंकल्याचं सांगितलं आणि हवामानाच्या बातम्या लावल्या.

तो जिन्यात पोचेपर्यंत फोन वाजला.

"भाऊजी, ते स्टूल मी केव्हाच काढलं," मेहुणी म्हणाली. आवाज अगदी सरळ. "गेल्या वेळी तुम्हीच जेवताना म्हणाला होतात ना, सगळं सुरात आहे, स्टूल सोडून. दुसऱ्या दिवशी नवं आणलं. मग घरीच मुद्रणाला बसले."

"मी सांगितलं सगळ्यांना, की तुझं चांगलं..."

"ऐकलं. गप्प बसला असतात तर मी नुसती हरले असते. आता कोणीही चांगलं म्हणालं तरी लोक विचारतील, हे कोण लागतात हिचे."

तो जिन्याच्या कठड्याला टेकला. खाली दरवाजाशी कारागीर आपली हत्यारांची पेटी घेऊन रिक्षाची वाट पाहत उभा होता.

"एक सांगा," ती म्हणाली. "खरंच चांगलं वाटलं, की आत्ता म्हणताय?"

"संथ भागात. चाल तिसऱ्यांदा अडते ना, तिथे डावा हात तू थांबवलास. मला वाटलं आता येतच नाही तो ठोका."

पलीकडून पियानोचा एकच सूर ऐकू आला.

"त्या एका जागेला दोन वर्षं गेली," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

समीक्षक पायरीवर बसला. संध्याकाळ व्हायला अजून दोन तास होते, आणि घर चालत वीस मिनिटांवर होतं.