पाद्रीबाबांची दुभाषेगिरी

पाद्री वुल्मारच्या लॅटिनची लायकी अख्ख्या हेसलबी गावाला ठाऊक होती, आणि सगळ्यात जास्त खुद्द वुल्मारला. तीस वर्षं म्हणून म्हणून प्रार्थना तोंडपाठ झाल्या होत्या, पण अर्थ विचारला की त्याची पाचावर धारण बसे. दुसऱ्यांनी हसण्याआधी आपणच हसून घ्यावं, हा त्याचा बाणा. "लॅटिन देवाला कळतं ना? मग मला कळून काय करायचंय?" असं तो गुत्त्यावर स्वतःच सांगायचा.

आज मात्र बिशपसाहेबांचा तपासनीस, मास्टर गेर्वेस, त्याचं लॅटिन तपासायला चर्चात बसला होता. नापास झालं तर चर्च जाणार, घर जाणार आणि परसातले नुकतेच उगवलेले वाटाणेही जाणार.

गेर्वेसनं पोथीतल्या एका प्रार्थनेवर बोट ठेवलं. "अर्थ सांगा."

"देवा, सगळ्यांचं भलं कर."

बोट पुढच्या पानावर गेलं. "आणि हिचा?"

"हिचाही साधारण तोच."

कारकुनानं काहीतरी लिहून घेतलं. मग गावकऱ्यांच्या साक्षी निघाल्या आणि घोडं अडलं. गेर्वेस समुद्रापलीकडून आलेल्या नव्या राज्यकर्त्यांपैकी; त्याला लॅटिन येई, फ्रेंच येई. इंग्रजी येत नव्हती. गोठ्यातली भाषा ती, शिकून कुणाचं भलं झालंय? गावाला तेवढीच येत होती. हेसलबीत फ्रेंच जाणणारा माणूस एकच, आणि तोही तरुणपणी सरदाराच्या मुदपाकखान्यात भांडी घासता घासता शिकलेला. तो म्हणजे वुल्मार. झालं, आरोपीच दुभाषा.

ओर्डगार लोहार पुढे आला. "सांगा त्यांना, पाद्रीबाबा. तुमचं लॅटिन म्हणजे बदकं तळ्यात उतरल्यासारखं. राग मानू नका हं."

"राग कसला? खरंच आहे," म्हणत वुल्मारनं ते फ्रेंचमध्ये सांगितलं. त्याला बदकाचा जो फ्रेंच शब्द येत होता, तो ताटातल्या भाजलेल्या बदकाचा. भाजलेली बदकं तळ्यात कशाला उतरतात, ते गेर्वेसला कळलं नाही, पण त्यानं लिहून घ्यायला लावलं.

मग गुन्निल्ड उठली. लेंटच्या उपासात तिचा नवरा तापानं गेला होता.

"माझा धनी शेवटचे श्वास घेत होता," ती म्हणाली. "बाबांनी पोथी उघडली. डोळे इतके भरले होते की वाचताच येईना. मग त्यांनी पोथी मिटली, त्याचा हात धरला आणि आपल्या बोलीतच सगळं बोलले. त्याला शब्दन् शब्द कळला. हसत गेला बिचारा. हे नक्की सांगा हं, बाबा, तुमचं चांगलंच होईल."

अंत्यसमयाची प्रार्थना लॅटिन सोडून गावंढळ भाषेत म्हणणं म्हणजे वुल्मारनं स्वतःच तपासनिसाच्या हाती कोलीत देणंच. एक वाक्य फिरवलं तर पकडणारं इथं कोण होतं? पण गुन्निल्ड आशेनं त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि मेलेल्या माणसाबद्दल खोटं बोलायचं त्याच्या जिवावर आलं. मुदपाकखान्यातली फ्रेंच तोकडी पडली. जमेल तशी जोडून त्यानं सगळं जसंच्या तसं सांगितलं.

गेर्वेसची लेखणी बराच वेळ चालली. मग तो उभा राहिला आणि रिवाजाप्रमाणे त्यानं निकाल लॅटिनमध्ये वाचला.

"काय म्हणाले?" गुन्निल्डनं विचारलं.

"मला काढलं. रविवारपासून तिकडून फ्रान्सातल्या रुआँहून नवे पाद्री येणार. मोठे विद्वान आहेत."

"त्यांना आमचं बोलणं कळेल?"

"नाही."

ओर्डगारनं डोकं खाजवलं. "पाद्रीबाबा, नक्की असंच म्हणाले ना? नाही, तुमच्या लॅटिनचा काय भरवसा! परत विचारा की."

सगळ्यांच्या चेहऱ्यांवर एकदम आशा आली. ते बघून वुल्मारला भडभडून आलं. त्यानं परत विचारलं. गेर्वेसनं लहान पोराला समजवावं तसा एकेक शब्द सुटा करून सांगितला.

वुल्मार गावाकडे वळला.

"बरोबरच ऐकलं होतं मी," तो म्हणाला. "तीस वर्षांत पहिल्यांदाच."