मागे राहिलेल्याच्या हाती दोर

"जो सगळ्यांच्या मागे आहे, त्याच्या हाती घंटेचा दोर द्या. तो आल्याशिवाय शाळा सुरू होत नाही, हे बाकीच्यांना कळू दे."

मामंजींनी हे सांगितलं तेव्हा मी घरात नवीन होते. शाळा त्यांनीच काढलेली; आमचं घर तिच्या मागच्या अंगाला. मामंजी शिस्तीचे भारी कडक. रांग वाकडी दिसली की प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून. घंटेचा कारभार मात्र उलटा. वाचताना अडखळणारं, पाढे विसरणारं पोर दोराला लोंबकळायचं आणि सगळी शाळा त्याच्या ठोक्यावर उभी राहायची. माझं सकाळचं मौनही त्याच घंटेला सुटायचं. उठल्यापासून मनात देवाचं नाव, तोंडानं अवाक्षर नाही, हा माझा नेम.

मामंजी गेले. वर्ग यांच्याकडे आले, कारभार वन्संकडे. मग नियम बदलला. आईबापांनी हवी ती शाळा निवडावी, सरकारी अनुदान पोराच्या पाठोपाठ जाईल. रस्त्यापलीकडे नवी शाळा उभी राहिली, दारावर निकालाचा भलामोठा फलक. खोटं कशाला बोलू, त्या धाकानं आमचंही पुष्कळ सुधारलं. गळके नळ दुरुस्त झाले. वर्गात डुलक्या काढणारे गणिताचे मास्तर खडबडून जागे झाले.

पण ज्या दोराचा मान होता, त्याचा डाग झाला. शिंपीणबाईंच्या लेकीला गल्लीत 'घंटावाली' म्हणू लागले. घरी तिला भिंगरी म्हणत, एका जागी ठरत नाही म्हणून. आईला 'घंटावाली' हे नाव सुईसारखं टोचलं. तिनं लेकीला काढलं आणि पलीकडे नेलं. वन्संनी लगोलग जुनी घंटा उतरवून विजेची बसवली.

पलीकडच्यांनी भिंगरीला एक उतारा वाचायला दिला, ती अडखळली आणि त्यांनी गोड बोलून वाटेला लावलं.

काल दुपारी मायलेकी आमच्या कार्यालयात उभ्या होत्या. मी यांचा चहा घेऊन गेले आणि तिथेच थांबले.

"चुकलं माझं, बाई," शिंपीणबाई म्हणाल्या. "घ्या हिला परत."

"चुकलं काही नाही," वन्सं म्हणाल्या. "तुम्ही निवड केलीत. आता आम्हालाही करावी लागते. निकाल घसरला तर उरलेली मुलंही जातील. शाळाच बंद पडली तर हिला तरी कोण घेणार?"

हे खाली मान घालून म्हणाले, "बाबांनी कधी कुणाला परत पाठवलं नाही गं."

"दादा, बाबांच्या वेळी लोकांना जायला दुसरी जागाच नव्हती. पर्यायच नव्हता, त्यात कसला मोठेपणा? भाजीसुद्धा आपण निवडून घेतो. मग शाळा का नको?"

मला राहवलं नाही. "वन्सं, भाजी आपण निवडतो. पण भाजीवाली गिऱ्हाईक निवडत नाही ना?"

वन्सं हसल्या. "आज वहिनींचं मौन जरा जास्तच सुटलेलं दिसतंय!"

"माझी घंटा कुठंय?" भिंगरीनं मध्येच विचारलं. ती खिडकीतून अंगणातल्या रिकाम्या आकड्याकडे बघत होती.

"गप बस," आई म्हणाली. "तिच्यापायीच तर हे सगळं."

"मी एकदाही उशिरा वाजवली नाही," भिंगरी म्हणाली.

हे चष्मा पुसत राहिले. वन्संनी पदरानं चेहरा टिपला. त्याही मामंजींचीच लेक.

"ठीक आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "परीक्षेपर्यंत तिला सलग वाचता आलं पाहिजे. नाही आलं तर मला पुन्हा गळ घालायची नाही. पण शिकवणार कोण? मास्तरांना श्वास घ्यायला फुरसत नाही. संध्याकाळी ही आईला काजं-बटणं करू लागते. उरली ती सकाळ."

"मी शिकवीन," मी म्हणाले. "रोज, शाळेआधी. तिच्या घरी जाऊन."

यांनी चमकून वर पाहिलं. "आणि तुझा नेम?"

तेवढ्यात शिंपीणबाईंनी माझा हात धरला. "नक्की याल ना, काकू? नाहीतर ती दारात बसून राहील हो."

"येईन."

रात्री देवापुढे बसले तर मनात भीती. इतक्या वर्षांचा नेम, तो मी माणसाला दिलेल्या शब्दापायी मोडू? आठवली ती मामंजींची रांग. एक पोर वाकडं उभं असलं तर ते सगळ्यांना थांबवायचे, पण त्या पोराला कधी रांगेबाहेर काढायचे नाहीत.

आज उजाडताच आंघोळ उरकली, समई लावली, नमस्कार केला. स्वयंपाकघराच्या कोनाड्यातून घंटेचा जुना दोर काढून पिशवीत वाचनाच्या पुस्तकाशेजारी ठेवला. हे जागे होते. उठून त्यांनी माझ्यासाठी दाराची कडी काढली.

शिंपीणबाईंच्या दारात पहिला शब्द मलाच बोलायचा होता. तोवर मनात नाव घेत मी चपला घातल्या आणि निघाले.