धोंड्यातलं लग्न

वासुदेवराव गणिताचे प्राध्यापक होते आणि गणित न येणाऱ्या माणसांची त्यांना किळस येई. म्हणजे जवळजवळ अख्ख्या वर्धा जिल्ह्याचीच. पिपरी मेघेतल्या त्यांच्या गल्लीत घरोघरी किराणा दुकानातून फुकट मिळालेलं तेच ते पंचांग खिळ्याला लटकलेलं असे आणि त्यात छापलं ते ब्रह्मवाक्य. मान वर करून आकाशाकडे कोणी बघायचं नाही. यांचा चंद्र किराणा दुकानातून उगवतो, असं ते म्हणत.

म्हणून त्यांनी स्वतःचं पंचांग केलं. कॉलेजात नवा कॉम्प्युटर आला होता. सगळ्या सुट्ट्या त्याच्यासमोर घालवून त्यांनी एक प्रोग्रॅम लिहिला, ‘शुद्धकाल’. वर्ष टाकलं की तिथ्या, सण, मुहूर्त, सगळं लांबलचक कागदावर खडखडत बाहेर पडे. मुहूर्तांवर त्यांचा स्वतःचा काडीचा विश्वास नव्हता. पण मूर्खपणा करायचाच तर तो बिनचूक करा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. शुद्धकाल पाळणारं घर जिल्ह्यात एकच, त्यांचं.

त्या वर्षी अधिक महिना होता, आपल्याकडचा धोंड्याचा महिना. जावयाला जेवू घालायचं, लग्नकार्य मात्र करायचं नाही. लोकांच्या पंचांगात तो ज्येष्ठात होता, शुद्धकालात तो चैत्रातच उरकला होता. त्यामुळे गल्लीतल्या गुढ्या उतरून महिना झाल्यावर वासुदेवरावांनी आपली गुढी उभारली. शेजारच्या शकुंतलाबाईंना वाटलं, साडी वाळत घातली आहे.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं. पण त्याच उन्हाळ्यात त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, मंदाचं, लग्न ठरलं. मुलगा सेवाग्रामला दवाखान्यात कारकून. त्याचे वडील रूपराव यांचं जामच्या चौरस्त्यावर टायरचं दुकान. रूपरावांनी वैशाखातली तारीख आणली. वासुदेवरावांनी त्यांच्यासमोर कागद उलगडला.

“हा वैशाख नाही, चैत्र आहे. वैशाख पुढच्या महिन्यात.”

“पुढच्या महिन्यात तं धोंडा हाय ना जी?”

“किराणा दुकानात आहे. आकाशात नाही.”

रूपरावांनी मान खाजवली. “बरं. तुमी म्हणान तसं.”

त्या टायरवाल्याला काय कळलं असेल, याचा विचार करून वासुदेवरावांना हसूच आलं. अनुसयाबाईंनी मात्र रात्री नवऱ्याला हात जोडले. “अहो, धोंड्यात लग्नाले माणसं काऊन येतीन?”

“खरं-खोटं माणसं मोजून ठरत नाही,” ते म्हणाले. बिनचूक बोलणाऱ्या बापानं लहानपणापासूनच मंदाची बोलायची सवय मोडली होती.

मंगल कार्यालय मागितल्या दिवशी मिळालं. वासुदेवरावांना तो आपलाच विजय वाटला. भटजींनी साफ नकार दिला. धोंड्यात मंगलाष्टकं म्हटली तर उद्या मले बारशालेही कोणी बोलावणार नाही, म्हणाले. मग वासुदेवरावांनी हातात घड्याळ धरून पुस्तकातून मंगलाष्टकं स्वतःच वाचली. पोरीचे मामा नानाजी आले नाहीत. हिंगणघाटचे नातलग आले नाहीत. शकुंतलाबाईसुद्धा आल्या नाहीत. पंखे रिकाम्या खुर्च्यांना वारा घालत होते. मुहूर्त सेकंदाला सेकंद साधला. “अडाणी लोक,” उरलेल्या भाताच्या ढिगाकडे बघून ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

धोंडा संपला आणि रूपराव व्याह्यांच्या दारात आले.

“इवाई, लग्नाले येजा.”

“कोणाच्या?”

“मंदाच्या.”

वासुदेवरावांना राग यायलाही वेळ लागला. “तिचं लग्न झालं आहे.”

“झालं ना. तुमचं झालं. आता गावचं करून राह्यलो. तुमचा मान आमी राखला. आता कन्यादान तिचे मामा करतीन.”

“मंदा असल्या थोतांडाला तयार होणार नाही.”

रूपराव जरा घुटमळले. “तिनंच मले म्हटलं जी. म्हणे, मामाजी, माह्या लग्नात कोणीच नव्हतं.”

वासुदेवरावांनी अनुसयाबाईंकडे पाहिलं. त्या आत गेल्या आणि त्यांनी पेटीतून शालू काढला. त्यांना हे आधीच माहीत होतं.

आपण जाणार नाही, असं वासुदेवरावांनी ठरवलं होतं. तरी ते गेले. जामला रूपरावांच्या दुकानामागच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. नानाजी हजर, हिंगणघाटचे झाडून सगळे हजर. भटजीही तेच, आता खड्या आवाजात गाणारे. वासुदेवरावांना शेवटच्या रांगेत जागा मिळाली. मुहूर्त धादांत चुकीचा होता आणि एवढ्या गर्दीत ते एकालाही ठाऊक नव्हतं. शेजारच्या म्हाताऱ्यानं त्यांच्या मुठीत अक्षता ओतल्या.

“तुमी पोरीकडचे का पोराकडचे?”

तेवढ्यात ‘सावधान’ झालं आणि सगळ्या मांडवाचा हात एकदम वर गेला. त्यात त्यांचाही गेला. अंतरपाट सरला. मंदा हसत होती. पहिल्या लग्नाच्या दिवशी ती हसली होती का, हे त्यांना काही केल्या आठवेना.

त्यांच्या अक्षता तिच्यापर्यंत पोचल्या नाहीत. पुढच्या रांगेतल्या कोणाच्या तरी टोपीवर पडल्या.