दीडशेच्या आत

फॉर्ममध्ये दोन रकाने होते. चालवणाऱ्याचं वजन आणि मागे बसणाऱ्याचं वजन. उत्तराने ते दोन्ही, दहावीचे मार्क लिहावेत तसे, ठळक अक्षरात भरले. सत्त्याऐंशी आणि एकसष्ट. खाली बारीक अक्षरात सूचना होती: दोघांची बेरीज दीडशेच्या आत असेल तर एका बॅटरीची गाडी पुरते, वर असेल तर दोन बॅटऱ्यांची लागेल, तसं आधी कळवा.

"एकशे अठ्ठेचाळीस," उत्तरा म्हणाली. "बसतो की आपण. आठ महिन्यांपूर्वी बसलो नसतो."

ती बरोबर म्हणत होती. आठ महिन्यांपूर्वी आम्ही दीडशेच्या आत बसलो नसतो. अडचण एवढीच होती की आजही बसत नव्हतो, आणि हे आम्हा दोघांपैकी फक्त मला माहीत होतं.

मी चौतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. भांडुप, मुलुंड, घाटकोपर इथल्या किराणा दुकानदारांचे काटे तपासण्यात माझी उमर गेली. पारड्याच्या बुडाला चिकटवलेली चिंच, आतून पोखरलेली वजनं, मालाच्या पारड्याला लागणारी करंगळी, सगळं पाहिलं. निवृत्तीनंतर ही विद्या आता वाया जाणार म्हणून हळहळत होतो, तेवढ्यात डॉक्टरांनी मला पंधरा किलो उतरवायला सांगितलं.

आमच्या मुलीने, गंधालीने, अंधेरीहून लगेच वजनकाटा पाठवला. पायाखाली ठेवायचा, गोल तबकडीचा. अशा काट्याच्या कडेला एक चकती असते. ती फिरवून काटा शून्यावर आणतात. थोडी जास्त फिरवली तर तो शून्याच्या मागे जातो. मी महिन्याला दीड-दोन किलो एवढीच फिरवायचो. फसवणूक दह्यासारखी असते, तिला लागायला वेळ द्यावा लागतो. रिकामा काटा शून्याच्या मागे उभा आहे हे दिसू नये म्हणून त्याच्यावर पायपुसणं टाकून ठेवत असे. तसंही रिकामा काटा कोण बघतो? बाजारात तो फक्त मीच बघायचो.

रोज सकाळी मी फिरायलाही जात असे. कोपऱ्यावरच्या मिसळवाल्यापर्यंत.

माझी प्रगती पाहून उत्तराने माझंच जेवण स्वतःला लावून घेतलं, म्हणजे ज्वारीची भाकरी आणि दुधी. आणि एके दिवशी, ज्या काट्यावर ती कधीही पाय ठेवणार नाही असं मी धरून चालत होतो, त्या काट्यावर ती उभी राहिली. आकडा पाहून आनंदाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी श्रीखंड आणलं.

तिचे ब्लाउज मात्र सैल झाले नाहीत. त्यावरही तिने उत्तर शोधलं. सोसायटीतल्या सात जणींना एकदा गच्चीवर बसवून तिने समजावून सांगितलं की चरबी आधी आतली जाते, बाहेरची नंतर. सातही जणींना ते पटलं. मलासुद्धा जवळजवळ पटलं होतं.

तर अशा रीतीने, लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाची गंधालीने दिलेली भेट म्हणून, आम्ही डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी सहाला मुलुंड चेकनाक्यावर मिनीबसमध्ये चढलो आणि दोन तासांनी डोंगराच्या पायथ्याशी उतरलो. समोर विजेच्या तीन मोटरसायकली उभ्या होत्या. एक आमची. दुसरी बोरिवलीच्या मिहिर-दीप्तीची. नवीन लग्न झालेलं जोडपं, दोघं मिळून एकशे बारा किलो. तिसरी अक्षताची.

अक्षता आमची वाटाडी. वय असेल सव्वीस. त्याच डोंगरातल्या पाड्यावरची, पण गेली दोन वर्षं भांडुपला मामीकडे राहून कंपनीच्या ऑफिसात फोन उचलत होती. "वीकेंड पॅकेज हवंय की वीकडे, सर?" हे वाक्य तिने आमच्यासमोर इतकं सुरेख म्हणून दाखवलं की दीप्तीने टाळ्या वाजवल्या.

"आज माझी पहिली एकटीची टूर," ती म्हणाली. "तिन्ही गाड्या आपापल्या चाकांवर परत आल्या तर मी पक्की गाइड. एखादी टेम्पोत आली तर परत फोन."

"येतील गं," उत्तरा म्हणाली. "आमचं काही ओझं नाही."

मी हेल्मेटचा पट्टा नीट करू लागलो.

त्या हेल्मेटमध्ये स्पीकर आणि माइक होता. एक बोलला की सगळ्यांच्या कानात. गाडीला मात्र आवाज अजिबात नव्हता. मी तीस वर्षं स्कूटर चालवलेली, गाडी सुरू झाली म्हणजे ती काहीतरी बोलणार अशी सवय. ही निघाली ती मांजरासारखी. वळणावर एक म्हैस रस्त्यात उभी होती. मागून आवाज आला की बाजूला व्हायचं ही तिची आजवरची शिस्त. आवाज आलाच नाही, त्यामुळे तिची काही चूक नव्हती. आम्ही तिच्या शेपटीला वळसा घालून गेलो तेव्हा तिने दचकून आमच्याकडे पाहिलं, आणि उत्तरा कानात हसली. तिचं हसू असं थेट कानात किती वर्षांनी ऐकलं कोण जाणे.

चढ संपत आला तिथे एक झरा होता. कातळातून बोटाएवढी धार. अक्षताने पळसाच्या पानाचा द्रोण करून सगळ्यांना पाणी पाजलं. "लहानपणी शाळेत जाताना इथेच थांबायचे मी," ती म्हणाली. "इथे मीच लोकांना आणायचं, असं तेव्हापासून ठरवलंय. फोनवर झरा सांगता येत नाही ना."

पाणी थंडगार होतं. माझं तिकडे लक्ष नव्हतं. मघापासून माझी नजर हँडलमधल्या आकड्यावर होती. मिहिरच्या गाडीत बासष्ट टक्के चार्ज. आमच्या गाडीत सत्तावीस.

तिथून पुढे आकडा उतरू लागला तो परीक्षेतल्या घड्याळासारखा. वीस. पंधरा. माथ्यावर पोचलो तेव्हा सहा.

अक्षताने गाडीखाली वाकून पाहिलं, वायरी हलवून पाहिल्या, मग मालकाला फोन लावला. चंद्रप्रकाश त्याचं नाव. फोन स्पीकरवर होता.

"किती वजन आहे?" त्याने विचारलं.

"एकशे अठ्ठेचाळीस, सर. फॉर्मवर आहे."

"मग बॅटरीच गेली. घाट उतरवू नकोस तिला, रिस्क नको. टेम्पो पाठवतो." मग तो म्हणाला, "अरे यार अक्षता, पहिल्याच दिवशी वाट लागली ना. सोमवारी ऑफिसला ये. फोन आहेतच."

"हो सर," अक्षता म्हणाली. फोन ठेवून ती आमच्याकडे पाठ करून हेल्मेटची काच पुसू लागली. काच स्वच्छ होती.

माझ्यापुढे दोन रस्ते होते. एका रस्त्याने टेम्पो येत होता. त्यात बसलो की माझे आठ महिने सुखरूप मुलुंडला पोचणार होते. मी त्या रस्त्याकडे बराच वेळ पाहिलं. काच अजून पुसली जात होती.

मी हेल्मेट काढलं. कबुली एकदम पाच जणांच्या कानात नको.

"बॅटरी चांगली आहे," मी म्हणालो. "वजन जास्त आहे."

अक्षता वळली. "किती जास्त, काका?"

"सव्वीस."

"कुणाचं?" उत्तराने विचारलं.

"तेरा माझं. तेरा तुझं."

उत्तराने आधी माझ्याकडे पाहिलं, मग खाली स्वतःकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"काटा?"

"हो."

"तुम्ही?"

"चकती."

"कधीपासून?"

"एप्रिल."

मिहिर आणि दीप्ती कड्याच्या टोकाला जाऊन डोंगर बघू लागले. डोंगर त्यांचा मघाच पाहून झाला होता.

"म्हणजे मी दुधी उगाच खाल्ला," उत्तरा म्हणाली.

"दुधी तब्येतीला चांगला असतो," मी म्हणालो. हे म्हणायला नको होतं.

"आणि मी त्या सात जणींना आतली चरबी शिकवली."

अक्षता पुटपुटत हिशेब करत होती. "म्हणजे काका शंभर, काकू चौऱ्याहत्तर..."

"एक क्विंटल," मी सवयीने म्हणालो.

"म्हणजे बॅटरी खरंच चांगली आहे," अक्षता म्हणाली आणि तिचा चेहरा बदलला. "मग घाट उतरायला काय हरकत आहे? उतारावर मोटर उलटी काम करते, गाडीला धरून ठेवते आणि त्यातून बॅटरी भरते. जितकं वजन जास्त, तितकी जास्त भरते. खाली गरम पाण्याच्या कुंडापर्यंत सपाट रस्ता आहे, तिथे चार्जर आहे. तेवढ्याला नऊ टक्के लागतात. आपल्याकडे सहा आहेत. मिहिरदादा-दीप्तीताई उतरले तर दोन-अडीच भरतील. तुम्ही..." तिने पोळ्याच्या दिवशी बैलजोडीकडे बघावं तसं आम्हा दोघांकडे पाहिलं. "तुम्ही चार भराल."

"आणि गाडी मोडली तर?" उत्तराने विचारलं.

"गाडी दोनशे किलो पेलते, काकू. तिचं काही म्हणणं नाही. प्रश्न फक्त चार्जचा."

आठ महिन्यांत पहिल्यांदाच माझ्या वजनाविषयी कुणी आदराने बोलत होतं. उत्तरा हेल्मेट घालून गाडीजवळ गेली. "बसा," म्हणाली. माझ्या खांद्याला मात्र तिने हात लावला नाही. मागच्या दांडीला धरून बसली.

आम्ही निघालो. "ब्रेक दाबू नका काका, मूठ नुसती सोडा," अक्षता कानात सांगत होती. मी मूठ सोडली. गाडी गुरगुरल्यासारखी झाली आणि घाट आमच्या अंगावर धावून येऊ लागला. दोन्ही बाजूंना साग, खाली दरी, आणि मागे चौऱ्याहत्तर किलोंचं मौन.

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं.

"सहाच आहे," मौन म्हणालं. ती माझ्या खांद्यावरून आकडा बघत होती.

तिसऱ्या वळणावर आकडा बदलला.

"सात झाले," उत्तरा म्हणाली. जरा वेळाने, "मी पुढे सरकू का? की मागे?"

"कुठेही बसा काकू," अक्षता म्हणाली. "वजन तेवढंच राहतं."

"काय सांगतेस. मिहिर, थांब रे बाबा. तुझी सॅक दे इकडे."

मिहिर थांबला. उत्तराने त्याची सॅक मांडीवर घेतली, दीप्तीची पाठीला लावली आणि रस्त्याकडेचा एक दगड उचलायला निघाली. अक्षताने तो हात जोडून परत ठेवायला लावला.

मग आम्ही सुटलो. वारा हेल्मेटमध्ये शिरून शीळ घालत होता. एकेका वळणाला पोटातलं सगळं एका कुशीवर जात होतं आणि दुसऱ्या वळणाला परत येत होतं. "आठ," उत्तरा ओरडली. मी कधी नव्हे ते पोट आत न घेता गाडी चालवत होतो. प्रत्येक ग्रॅम कामाला लागला होता. मागे अक्षता हसत होती, तिच्यामागे मिहिर, दीप्तीला तर उचकी लागली होती, आणि हे सगळे आवाज माझ्या कानात एकाच वेळी नांदत होते. नवाला उत्तराने माझा खांदा धरला. दहाला ती सॅक सांभाळून दोन्ही हातांनी मला धरून बसली होती आणि हसता हसता तिचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर टकाटक आपटत होतं.

"अजून घाट आहे का गं?" तिने विचारलं.

"संपला, काकू."

"अरेरे," उत्तरा म्हणाली.

सपाट रस्त्यावर आकडा पुन्हा उतरू लागला. आठ. पाच. तीन. कुंडाशेजारच्या खानावळीत, चार्जरच्या खुंटीखाली, गाडी उभी राहिली तेव्हा एक टक्का शिल्लक होता.

अक्षताने फोन लावला. "सर, टेम्पो परत बोलवा. गाडी कुंडावर पोचली, चाकांवर."

"कशी पोचली?" चंद्रप्रकाशचा आवाज आला. "घाट उतरवू नको म्हटलं होतं ना मी तुला? बॅटरी खराब असताना..."

उत्तराने तिच्या हातातून फोन घेतला. ती गरम पाण्यात पाय सोडून काठावर बसली होती, साडी गुडघ्यापर्यंत, आजूबाजूला आंघोळीला आलेली दहा-बारा माणसं.

"बॅटरी ठीक आहे," ती म्हणाली. "फॉर्म मी भरला होता, तो चुकीचा होता. तुमच्या अक्षताने डोकं वापरून गाडी आणली. लिहून घ्या. मागे बसणारी, चौऱ्याहत्तर." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "हो, चौऱ्याहत्तर. सात आणि चार. एवढं ऐकू येत नाही का तुम्हाला?"

आता सगळ्या कुंडाला ऐकू गेलं होतं. पाण्यातल्या दोन बायका तिच्याकडे बघून कौतुकाने हसल्या.

"बरं, बरं," चंद्रप्रकाश म्हणाला. "अक्षताला सांगा, पुढच्या रविवारची टूर पण तिचीच. पण परतीच्या चढाला दोघं एका गाडीवर नको, प्लीज."

म्हणून परत निघताना, गाड्या भरल्यावर, मी एकटा एका गाडीवर आणि उत्तरा अक्षताच्या मागे. पहिलं वळण चढलो आणि कानात उत्तराचा आवाज सुरू झाला.

"तुला सांगते अक्षता, हा माणूस पहिल्यापासून असाच. मला बघायला आले तेव्हा म्हणाले, मला पोहता येतं. लग्नानंतर कळलं, गुडघाभर पाण्यात येतं. मग बदलीचं प्रकरण. ते तर ऐकच तू..."

मी हेल्मेट चाचपडून बटण शोधलं. सापडलं नाही. मिहिर पुढे होता, त्याचे खांदे हलत होते.

"काकू," अक्षता हळूच म्हणाली, "माइक सुरू आहे. काकांना ऐकू येतंय सगळं."

"माहितीय गं," उत्तरा म्हणाली. "तू जरा हळू चालव."