तिसऱ्याच प्रकरणात खून

धाकट्या जावेनं कादंबरी लिहिली, याचं थोरलीला काहीच वाटलं नव्हतं. पण त्या कादंबरीत तिनं थोरलीला घातलं, आणि घातलं ते घातलं, वर तिसऱ्याच प्रकरणात मारून टाकलं, हे मात्र जिव्हारी लागलं.

कादंबरी कुमारवयीन मुलांसाठी होती. जुन्या काळातला राजवाडा, थोडी जादू आणि एकामागून एक खून. पहिला बळी राजवाड्याची आरसेवाली. बोलण्याआधी टकटक जीभ वाजवणारी, समोरच्याला नखशिखान्त जोखणारी, कुणी नेलेली सुईसुद्धा वर्षानुवर्षं न विसरणारी. थोरलीचं चष्म्यांचं दुकान होतं. नातेवाइकांना आरसेवाली ओळखायला चष्मा लागला नाही. नणंदेनं तर मुद्दाम फोन केला. "वहिनी, तुम्ही गेल्याचं वाचलं. वाड्यातलं मांजरसुद्धा रडलं नाही म्हणे?"

"मांजराचं राहू द्या," थोरली म्हणाली. "मारणारीला रडवते की नाही, बघाच."

संधी आपल्या पायानं चालत आली. वाचनालयात एक रीत होती. मुलांच्या वाचनमंडळानं वर्षाचं पुस्तक निवडायच्या आधी एका मोठ्या वाचकानं ते वाचायचं आणि लेखकाला समोर बसवून आपलं मत सांगायचं. ग्रंथपालांना नातं ठाऊक नव्हतं. त्यांनी थोरलीला विचारलं, आणि तिनं आढेवेढेही घेतले नाहीत.

बेत साधा होता. उभं राहायचं आणि खुनी कोण ते सांगून मोकळं व्हायचं. रहस्यकथेचा निकाल तेवढ्यात लागतो.

पण त्यासाठी पुस्तक वाचणं आलं. गिऱ्हाईक समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचतंय आणि ही काउंटरखाली कादंबरी वाचतेय, असं चाललं.

"शेवटची ओळ दिसत नाही हो," गिऱ्हाईक म्हणालं.

"थांबा जरा. मीसुद्धा अजून पोचले नाही तिथवर."

मेलीनं लिहिलंय बरं, हे मनातल्या मनात कबूल करावं लागलं. त्याचा राग आणखी वेगळा. मग अकराव्या प्रकरणात एक वाक्य आलं. थोरलीनं ते पुन्हा वाचलं, मागं जाऊन आपला खून तपासला आणि जीभ वाजवली. बेत बदलला.

सभेला धाकटी ठेवणीतले कपडे घालून पहिल्या रांगेत बसली होती. मत सांगायला कोण उठलंय हे पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"पुस्तक चांगलं आहे," थोरली म्हणाली. "राजपुत्र बिनकामाचा आहे, पण खुनी शेवटपर्यंत हाती लागत नाही. सांगू कोण ते?"

"काकू, नको!" मुलांनी कानांवर हात ठेवले. धाकटीनं पर्स छातीशी धरली. थोरलीनं त्या शांततेची चव हवा तेवढा वेळ घेतली.

"बरं, नाही सांगत. नुसतं विचारते. आरशात स्वतःच्या डोळ्यांत बघत जो मरतो, तो मरत नाही, आरशात राहतो, असं अकराव्या प्रकरणात राजवैद्य सांगतो. आरसेवालीला आरसा पुसताना मागून मारलंय. बघत होती ती स्वतःच्याच डोळ्यांत. मग ती मेली कुठं? का हो लेखिकाबाई, चुकलं वाटतं?"

मुलं उसळली. हो म्हणावं तर एवढ्या पोरांसमोर नाक कापलं जाणार. धाकटी नुसत्या ओठांनी हसली. "चुकेल कसं? मुद्दामच ठेवलंय ते. दुसऱ्या भागासाठी."

"आरसेवाली परत येणार!" एक मुलगी खुर्चीवरच चढली. मंडळानं पुस्तक तिथल्या तिथं निवडलं आणि लेखिकेकडून सगळ्यांदेखत वचन घेतलं, की दुसऱ्या भागाची नायिका आरसेवालीच.

काही दिवसांनी धाकटी दुकानात आली. केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं.

"ताई, आरशातून बाहेर आल्यावर ती पहिलं काय करेल हो? एक ओळ सुचत नाही."

थोरलीनं तिला स्टुलावर बसवलं. तपासणीची जड चौकट तिच्या नाकावर चढवली आणि आरामात एकेक भिंग बदलू लागली.

"अगं, सोपं आहे. जिनं मारलं, तिच्या घरी राहायला जाईल. तिच्याच खोलीत. आणि मग तिथून हलायचं नावच घेणार नाही. लिहून घे."