सोनेरी केसांच्या मुलीचा आवाज

गेली अकरा वर्षं मी जाकार्तात परदेशी सिनेमांतल्या मुलांना आवाज देते. मी मूळची इंडोनेशियाच्या पूर्व टोकाच्या पापुआतल्या सेरुईची, काळी, दाट कुरळ्या केसांची. पण माइकसमोर रंग कुणी बघत नाही, आणि माझा आवाज अजूनही दहा वर्षांच्या पोरीसारखा लागतो.

त्या सिनेमात एक गोरं कुटुंब वादळातून एका बेटावर पोचतं. बेटावरचे काळे लोक त्यांच्या सोनेरी केसांच्या मुलीला देवी समजून तिच्या पायांवर लोळण घेतात, आणि ती त्यांना हात धुवायला शिकवते. त्या मुलीचा आवाज माझा. "आई, हे लोक आपल्याला खाणार का?" हे वाक्य मी असं काही म्हटलं की आमचे दिग्दर्शक विर्यावान, ज्यांना आम्ही सगळे बापाक म्हणजे साहेब म्हणतो, खूश होऊन म्हणाले, "वा!"

चौथ्या दिवशी बेटकऱ्यांचं काम निघालं.

"लुडिया, आता तुझ्या घरचंच काम," बापाक म्हणाले. "यांना तुमच्याकडचा हेल दे. लोक पोट धरून हसतील."

"बापाक, मूळ सिनेमात हेल कुठाय?"

"मूळ सिनेमात ते नुसते हू-हू करतात. आपण त्यांना भाषा तरी देतोय! मनाला लावून घेऊ नकोस गं, पोरांचा सिनेमा आहे."

"मला नाही जमणार."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. "बरं, रेंगानिस करेल," एवढंच म्हणाले.

रेंगानिस इकडचीच, जावातल्या बांडुंगची, माझी मैत्रीण. रोज दुपारी आम्ही एकाच डब्यातून जेवतो. ती माइकपुढे उभी राहिली आणि आमच्या बाजारातल्या बायकांसारखं बोलायला लागली; म्हणजे तसं तिला वाटत होतं. काचेच्या अलीकडे सगळे हसले.

बाहेर येऊन म्हणाली, "चिडलीस? अगं, तुझी नक्कल नव्हती ती."

"मग कुणाची?"

मी बाहेर जाऊन पाणी प्यायले, परत आले, पुन्हा बाहेर गेले. पाय एका जागी ठरेनात. शेवटी आत येऊन म्हटलं, "थांबा. मी करते." करायचंच आहे तर हेल तरी खरा असू दे, असं वाटलं.

बेटकऱ्यांच्या सरदाराची वाक्यं मी माझ्या वडिलांच्या बोलण्यासारखी म्हटली, सावकाश, जड. कुणी हसलं नाही.

"मजा येत नाही," बापाक म्हणाले. "जरा चिरकं कर."

पाचव्या वेळी ते हसले. पाचवंच ठेवलं.

नाताळात सिनेमा टीव्हीवर लागला. मी बेकासीला बहिणीकडे होते. तिची सात वर्षांची नोव्हेलिन उड्या मारत आली. "मावशी, ओळखला मी तुझा आवाज! हा बघ!" पडद्यावर पिसं लावलेला सरदार सोनेरी केसांच्या मुलीपुढे लोटांगण घालत होता.

"अगं, ती मुलगीही मीच आहे."

"खोटं! ती गोरी आहे."

मी मुलीचं वाक्य म्हणून दाखवलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग टीव्हीकडे. "नको ना, तो गंमतशीरवालाच कर," म्हणाली, आणि स्वतःच चिरक्या आवाजात सुरू झाली.

मी अंगणात जाऊन बापाकना फोन लावला. "यापुढे असल्या सिनेमाला मला बोलावू नका. मुलीच्या कामालाही नको."

"सणाच्या दिवशी हे काय काढलंस? विचार कर लुडिया, पोरी रांगेत उभ्या आहेत."

"केलाय विचार."

जानेवारीत तीन आठवडे कुणी बोलावलं नाही. चौथ्या आठवड्यात एका कुत्र्याच्या पिल्लाचं काम आलं, ते घेतलं. रेंगानिस जवळ येऊन बसते, मीही डबा पुढे करते, पण बोलणं होत नाही.

नोव्हेलिन पाहुण्यांपुढे अजून तो आवाज काढते. टाळ्या पडतात. मी तिला टोकत नाही, लहान आहे. फक्त उठते.

"आता कुठे निघालीस?" बहीण विचारते.

"कुठे नाही," म्हणते, आणि चपला शोधत राहते.